सद्रक्षण : घोषवाक्य की कायदेशीर कर्तव्य?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्र पोलिसांच्या बोधचिन्हावर 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' असे शब्द कोरलेले आहेत. सज्जनांच्या रक्षणासाठी आणि दुर्जनांच्या निग्रहासाठी हे दल उभे आहे, असा त्यांचा अर्थ. पोलिस ठाण्याची पायरी चढताना प्रत्येक नागरिकाच्या नजरेस हे शब्द पडतात. परंतु हे वचन नेमके कोणी, कोणाला आणि कोणत्या अधिकाराने दिले आहे, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. एखाद्या वस्तीवर रात्री जमाव चालून आला, वस्तीतल्या माणसांनी ठाण्यात तीनतीनदा निरोप पाठवले, ठाण्यातून कोणी आले नाही आणि सकाळी तेथे प्रेते मोजली गेली, तर मारेकऱ्यांचा गुन्हा उघड आहे. पण न आलेल्या पोलिसांचे काय? त्यांनी वस्तीतल्या त्या विशिष्ट माणसांचा कायदेशीर हक्क मोडला असे न्यायालय म्हणेल काय? की 'प्रशासनाकडून दिरंगाई झाली' एवढ्या एका वाक्यावर सारे संपेल?

बहुतेकांना वाटते की याचे उत्तर उघड आहे. सरकार कर घेते, शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाकडून काढून स्वतःकडे ठेवते, कायदा हाती घेऊ नका असे बजावते. तेव्हा रक्षणाची जबाबदारी त्याचीच, हे निराळे सांगायला नको. पण लोकशाहीचा मोठा अभिमान बाळगणाऱ्या एका देशाच्या न्यायालयांनी या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे दिले आहे, आणि तेही एकदा नव्हे, अनेकदा.

१६ मार्च १९७५ च्या पहाटे वॉशिंग्टन शहरातील एका घरात दोन पुरुष दार फोडून शिरले. खालच्या मजल्यावरील स्त्रीवर त्यांनी अत्याचार सुरू केला. वरच्या मजल्यावरील दोन मैत्रिणींनी तिच्या किंकाळ्या ऐकल्या आणि पोलिसांना फोन केला. गाड्या आल्या. एक मागच्या बोळातून न थांबता निघून गेली. एका पोलिसाने पुढचे दार ठोठावले, उत्तर आले नाही म्हणून तोही परतला. छपरावर दबून बसलेल्या त्या दोघींनी पोलिस जाताना पाहिले आणि पुन्हा फोन केला. मदत येत आहे, असे त्यांना सांगण्यात आले. प्रत्यक्षात त्या दुसऱ्या फोननंतर एकही गाडी निघाली नाही. पोलिस घरात आले असावेत या समजुतीने त्यांनी खाली हाक मारली. हाकेने हल्लेखोरांना त्यांचा ठावठिकाणा कळला. पुढचे चौदा तास तिघीही त्यांच्या तावडीत होत्या.

या स्त्रियांनी नगर प्रशासनावर दावा लावला. 'वॉरन विरुद्ध कोलंबिया जिल्हा' या नावाने तो ओळखला जातो. १९८१ साली तेथील अपील न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी तो फेटाळला. पोलिसांचे कर्तव्य सर्वसाधारण जनतेप्रती आहे, विशिष्ट व्यक्तीप्रती नाही; पोलिस आणि ती व्यक्ती यांच्यात काही खास नाते निर्माण झाले असेल तरच निराळा विचार करता येईल, असे बहुमताने म्हटले. हा विचारही नवा नव्हता. शेरीफचे कर्तव्य सार्वजनिक स्वरूपाचे असल्याने ते न बजावल्याबद्दल एकट्या माणसाला दाद मागता येणार नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५५ सालीच मेरिलँडच्या एका खटल्यात सांगून ठेवले होते.

यानंतरचे दोन निकाल अधिक बोचणारे आहेत. विस्कॉन्सिन राज्यात एका लहानग्या मुलाला बाप अमानुष मारीत असे. समाजकल्याण खात्याला हे ठाऊक होते. कर्मचारी भेट देत, मुलाच्या अंगावरील जखमांची नोंद करीत, आणि निघून जात. १९८४ साली चार वर्षांच्या त्या मुलाच्या मेंदूला मारहाणीने कायमची इजा झाली. १९८९ च्या डीशेनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला की, संविधान सरकारला नागरिकाच्या जिवावर हात टाकण्यापासून रोखते. दुसऱ्याने टाकलेला हात अडवण्याची सक्ती ते सरकारवर करीत नाही. १९९९ च्या जूनमध्ये कोलोराडो राज्यातील कॅसल रॉक गावी एका आईकडे न्यायालयाचा लेखी मनाई-हुकूम होता. वेगळ्या राहणाऱ्या नवऱ्याने हुकूम मोडून तीन मुली पळवल्या. आई संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत पोलिसांना फोन करीत होती, शेवटी स्वतः ठाण्यात गेली. पहाटे नवरा ठाण्यासमोर येऊन गोळीबार करू लागला आणि पोलिसांच्या गोळीने मेला. त्याच्या गाडीत तिन्ही मुलींची प्रेते होती. राज्याच्या कायद्यात मनाई-हुकूम मोडणाऱ्याला पोलिसांनी अटक 'करावी' असा स्पष्ट शब्द होता. तरीही २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ठरवले की, त्या हुकमाची अंमलबजावणी करून घेण्याचा आईला संविधानाने संरक्षिलेला हक्क नाही. २०११ साली आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाने या प्रकरणी अमेरिकेला दोषी धरले खरे. परंतु देशातील कायदा त्याने बदलला नाही. २४ मे २०२२ रोजी टेक्सासमधील युवाल्डी गावच्या शाळेत १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या, तेव्हा सुमारे ७७ मिनिटे पोलिस त्या वर्गाच्या आत गेले नव्हते. आणि घटनास्थळी जमलेल्या निरनिराळ्या दलांच्या पोलिसांची संख्या पावणेचारशेच्या घरात होती.

हे निकाल देणारे न्यायाधीश निर्दय होते असे समजण्याचे कारण नाही. त्यांच्या बाजूचे युक्तिवाद समजून घेतले पाहिजेत, कारण तेच युक्तिवाद उद्या मुंबईत आणि दिल्लीतही ऐकू येतील. पहिला असा की, पोलिसांची संख्या मर्यादित असते. एकाच वेळी दहा ठिकाणांहून हाक आली तर आधी कोठे जायचे हा निर्णय पोलिसांचा आणि सरकारचा आहे. न्यायालयाने तो मागाहून, शांतपणे खुर्चीत बसून तपासणे न्याय्य नव्हे. दुसरा असा की, प्रत्येक चुकीबद्दल भरपाई द्यावी लागली तर पोलिस लोकांचे रक्षण करण्याऐवजी स्वतःची कातडी वाचवण्याच्या मागे लागतील. तिसरा युक्तिवाद असा की, गुन्हा गुन्हेगार करतो; त्याच्या कृत्याची किंमत करदात्यांनी का मोजावी?

या तिन्ही मुद्द्यांत तथ्याचा अंश आहे. पण त्यांतून निघणारा निष्कर्ष मात्र टिकणारा नाही. पोलिसांनी प्रत्येक गुन्हा रोखलाच पाहिजे, अशी मागणी कोणी शहाणा माणूस करीत नाही. डॉक्टरने प्रत्येक रोगी वाचवलाच पाहिजे असेही कायदा म्हणत नाही. परंतु दारात आलेल्या रोग्याकडे पाठ फिरवून डॉक्टर झोपी गेला तर त्याला जाब विचारता येतो. परिणामाची हमी देणे निराळे आणि प्रामाणिक प्रयत्नाचे कर्तव्य निराळे. पहिले नाकारता येते म्हणून दुसरेही नाकारावे, ही तर्कातील उडी आहे.

दुसरे असे की, 'कर्तव्य सर्वांप्रती आहे, एकाप्रती नाही' हे वाक्य ऐकायला भारदस्त असले तरी त्याचा व्यवहारातील अर्थ एकच होतो : ते कोणाप्रतीच नाही. महाराष्ट्राने याचे उत्तर दुसऱ्या एका क्षेत्रात पूर्वीच दिले आहे. दुष्काळात लोकांना काम देणे हे सरकारचे 'सर्वसाधारण' कर्तव्य आहे, असे इंग्रजांच्या काळापासून म्हटले जात होते. त्याने कोणाच्या घरची चूल पेटली नाही. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने ते कर्तव्य काम मागणाऱ्या प्रत्येक मजुराचा हक्क बनवले, आणि मुदतीत काम न दिल्यास बेकारी भत्ता देण्याचे बंधन सरकारवर घातले. अन्नधान्याच्या बाबतीत २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हेच तत्त्व स्वीकारले. हक्काचे धान्य मिळाले नाही तर त्या कुटुंबाला भत्ता द्यावा, असे त्यात लिहिले आहे. धान्य सर्वांसाठी आहे म्हणून एका शिधापत्रिकाधारकाला ते मागण्याचा हक्क नाही, असे सांगणारा पुरवठा अधिकारी कोणी खपवून घेणार नाही. मग जिवाच्या रक्षणाबाबत तेच सांगणाऱ्या ठाणे अंमलदाराचे का खपवून घ्यावे?

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ज्या समाजात रक्षण हा हक्क नसतो, तेथे रक्षण ही विकत घेण्याची वस्तू होते. अमेरिकेत या निकालांचा हवाला देऊनच घरोघरी बंदूक बाळगण्याचा पुरस्कार केला जातो : पोलिस तुमचे रक्षण करायला बांधलेले नाहीत, तेव्हा तुम्हीच शस्त्र घ्या. भारतात हाच न्याय निराळ्या रूपात चालतो. श्रीमंतांच्या सोसायटीच्या फाटकावर खासगी सुरक्षारक्षक उभे असतात, पुढाऱ्यांच्या मागेपुढे सरकारी शिपाई धावतात; आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीला, धरणाच्या कामावरील मजुरांच्या पालांना, नवऱ्याच्या मारातून पळून आलेल्या बाईला 'बघू, सकाळी या' हे उत्तर मिळते. रक्षणाची गरज ज्यांना सर्वांत अधिक, त्यांच्याच वाट्याला ते सर्वांत कमी येते.

इंग्लंडने या बाबतीत एक मधला मार्ग काढला. यॉर्कशायरमध्ये तेरा स्त्रियांचे खून करणाऱ्या मारेकऱ्याला पकडण्यात पोलिसांनी अक्षम्य चुका केल्याचा दावा त्याच्या एका बळीच्या आईने लावला होता. १९८८ साली तेथील सर्वोच्च पीठाने तो फेटाळला. परंतु १९९८ साली ऑस्मान खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने एक कसोटी घालून दिली. विशिष्ट व्यक्तीच्या जिवाला खरा आणि तातडीचा धोका आहे हे अधिकाऱ्यांना माहीत होते, किंवा माहीत असायला हवे होते, आणि तरीही आपल्या अधिकारात शक्य असलेली वाजवी पावले त्यांनी उचलली नाहीत, तर जगण्याच्या हक्काचा भंग होतो. २०१८ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने लंडनमधील एका टॅक्सीचालकाच्या अत्याचाराच्या मालिकेत तपासातील गंभीर कुचराईबद्दल पोलिसांना पीडित स्त्रियांप्रती जबाबदार धरले. ऑस्मान खटल्यातील कसोटीचा मध्यबिंदू एकच आहे : पोलिसांना ठाऊक होते काय? हा मुद्दा लक्षात ठेवला पाहिजे. कारण पुढे कार्यकर्त्यांच्या कामाचा सारा भार त्याच्यावरच येणार आहे.

आता भारताकडे वळले पाहिजे. येथील पोलिस यंत्रणा १८६१ च्या कायद्याने उभी राहिली, म्हणजे १८५७ च्या उठावानंतर अवघ्या चार वर्षांनी. ज्या राज्यकर्त्यांना प्रजेचीच भीती होती, त्यांनी प्रजेच्या रक्षणासाठी नव्हे, तर प्रजेवर नजर ठेवण्यासाठी ते दल घडवले. वरिष्ठांचा हुकूम तत्परतेने पाळणे हे त्या कायद्याने पोलिसाच्या कर्तव्यांत पहिले घातले. कर्तव्याचा बाण वर होता, खाली नव्हता. स्वातंत्र्यानंतरही हा वारसा लगेच सुटला नाही. मीरतमध्ये १९४७ साली पोलिसांनी एका सराफाकडून शंभर तोळ्यांहून अधिक सोने जप्त केले. मालखान्याचा ताबा असलेला हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळाला. सराफाने भरपाई मागितली, तेव्हा १९६४ साली कस्तुरीलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांचे काम हे सार्वभौम सत्तेचे काम असल्याने सरकार जबाबदार नाही, असा निर्वाळा दिला. राजा चूक करीत नाही, हे जुने इंग्रजी तत्त्व प्रजासत्ताकाच्या पंधराव्या वर्षीही जिवंत होते.

त्या तत्त्वाला तडा गेला तो संविधानाच्या एकविसाव्या कलमाने. निर्दोष सुटल्यानंतरही चौदा वर्षे तुरुंगात सडलेल्या बिहारमधील एका कैद्याला १९८३ साली रुदुल शाह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रथमच भरपाई देवविली. १९९३ साली नीलाबती बेहेरा खटल्यात, ओरिसातील पोलिस कोठडीत मरण पावलेल्या तरुणाच्या आईला दीड लाख रुपये देताना न्यायालयाने सांगितले की, मूलभूत हक्कांचा भंग झाला असेल तेथे सार्वभौमत्वाची ढाल सरकारला वापरता येणार नाही. पण या दोन्ही खटल्यांत इजा सरकारी यंत्रणेनेच केली होती. दुसऱ्याने केलेला हल्ला न रोखल्याची जबाबदारी हा प्रश्न उरलाच होता.

त्याचे उत्तर १९९६ साली मिळू लागले. अरुणाचल प्रदेशात राहणाऱ्या सुमारे ६५,००० चकमा निर्वासितांना काही संघटनांनी राज्य सोडून जाण्याची धमकी दिली होती. ते मतदारही नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला बजावले की, एकविसावे कलम नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाला लागू आहे, आणि कोणत्याही गटाच्या धमक्यांपासून त्यांच्या जिवाचे रक्षण करणे सरकारवर बंधनकारक आहे. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने १९८४ च्या शीख हत्याकांडातील एका विधवेच्या अर्जावर, दंगलीत नागरिकाचे प्राण वाचवणे हे सरकारचे कर्तव्य असल्याचे मान्य करून भरपाई वाढवून दिली. तोपर्यंत एका माणसाच्या जिवाची किंमत वीस हजार रुपये ठरवली गेली होती.

कायद्यातही शब्द आहेत. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४९ व्या कलमात, आणि १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेतलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६८ व्या कलमात, असे म्हटले आहे की दखलपात्र गुन्हा रोखण्यासाठी प्रत्येक पोलिस अधिकारी मध्ये पडू शकेल, आणि आपल्या पूर्ण क्षमतेनुसार तो रोखील. पहिले वाक्य अधिकाराचे आहे, दुसरे कर्तव्याचे. २०१३ च्या ललिताकुमारी निकालाने दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवणे सक्तीचे केले. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या चौथ्या कलमात कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष कैदेची शिक्षा आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने जमावाकडून होणाऱ्या हत्यांबाबत प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार अधिकारी नेमण्याचा आदेश दिला आणि प्रतिबंधात कुचराई करणाऱ्याची कसूर ही हेतुपुरस्सर मानावी असे सांगितले. तेव्हा अमेरिकेतील न्यायालयांनी जे दार बंद केले, ते भारतात निदान किलकिले झालेले आहे.

मग प्रश्न कोठे आहे? दार आणि उंबरठा यांच्यामध्ये जे अंतर आहे तेथे. मुंबईत डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये ९०० माणसे मारली गेली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ साली विधिमंडळापुढे आला. त्यात ३१ पोलिसांवर ठपका होता. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले की कायदा व सुव्यवस्था राखण्यात आणि लोकांच्या हक्कांचे रक्षण करण्यात राज्य सरकार अपयशी ठरले. बेपत्ता झालेल्या १६८ पैकी ज्या कुटुंबांना भरपाई मिळाली नव्हती, त्यांचा शोध घेऊन २ लाख रुपये व्याजासह देण्याचा आदेश झाला. तत्त्व मान्य झाले; पण तोपर्यंत दंगलीत तान्हे असलेले मूल तिशीचे झाले होते. आणि ती रक्कम भरायची कोणी? सरकारी तिजोरीने, म्हणजे कर भरणाऱ्या जनतेने. ज्या अधिकाऱ्याने दूरध्वनी खाली ठेवला, त्याच्या पगारातून एक रुपयाही कापला जात नाही.

खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चौघांची जमावाने हत्या केली. त्या कुटुंबाला असलेला धोका अंधारात घडलेली गोष्ट नव्हती. गावातला वाद आणि वैर ठाण्याच्या दप्तरी पोहोचलेले होते. पोलिसांच्या दिरंगाईबद्दल निलंबने झाली. परंतु उच्च न्यायालयापर्यंत गेलेला खटला हा मारेकऱ्यांचा होता. मणिपूरमध्ये ४ मे २०२३ रोजी जमावाने स्त्रियांची विटंबना केली. त्यांनी आधी पोलिसांच्या गाडीचा आसरा घेतला होता आणि चावी नाही असे सांगून गाडी हलवली गेली नाही, असे केंद्रीय अन्वेषण विभागाच्या आरोपपत्रात नमूद असल्याचे प्रसिद्ध झाले. पहिली खबर नोंदवायला दोन आठवडे लागले. आणि देश खडबडून जागा झाला तो जुलैमध्ये, चित्रफीत बाहेर आल्यावर. वॉशिंग्टनमधील छपरावरून दिसलेली परत जाणारी गाडी आणि मणिपूरमधील न हललेली गाडी यांत कायद्याचे अंतर कितीही असो, त्या स्त्रियांच्या दृष्टीने ते शून्य आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. रक्षणाचा हक्क म्हणजे प्रत्येकाच्या पाठीशी बंदूकधारी शिपाई नव्हे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी पोलिस संरक्षण घेण्यास नकार दिला होता. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. १० मे २०२४ रोजी दोघांना जन्मठेप झाली आणि तिघे सुटले. विचार मांडणाऱ्या माणसाला अंगरक्षकाशिवाय सकाळी फिरायला जाता यावे, हेच खरे संरक्षण. ते धमक्यांचा वेळीच तपास करण्यातून, कट शिजत असतानाच हात घालण्यातून येते. शिपाई दारात उभा करणे हा त्या कर्तव्याचा सर्वांत सोपा आणि सर्वांत अपुरा भाग आहे.

आणि शिपायाचाही विचार करावा लागेल. बारा-बारा तास बंदोबस्तावर उभा राहणारा, गळक्या वसाहतीत राहणारा, वरिष्ठांच्या घरची कामे करणारा हा माणूस स्वतः हक्कहीन आहे. १९६६ च्या कायद्याने त्याच्या संघटना-स्वातंत्र्यावर निर्बंध घातले. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलिस शिपायांनी उठाव केला, तेव्हा त्यांची संघटना मोडून काढण्यात आली. ज्याला स्वतःचे गाऱ्हाणे मांडण्याचा मार्ग नाही, त्याने दुसऱ्याचे गाऱ्हाणे आस्थेने ऐकावे ही अपेक्षा फार मोठी आहे. म्हणून जबाबदारीची मागणी ही शिपायाविरुद्धची मागणी होऊ नये. आदेश न देणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत आणि तोंडी फोन करून आदेश थांबवणाऱ्या मंत्र्यापर्यंत ती गेली पाहिजे. प्रकाश सिंह खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात निर्देश दिले ते याच कारणासाठी. महाराष्ट्राने २०१४ साली कायद्यात दुरुस्ती करून पोलिस तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली. पण त्या प्राधिकरणाचा पत्ता किती गावांतल्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे?

तेव्हा करायचे काय? मागणी तीन कलमांत मांडता येईल. विशिष्ट व्यक्तीला किंवा वस्तीला असलेल्या धोक्याची सूचना मिळाल्यावर किती वेळात कोणी काय करायचे, हे पोलिस कायद्यातच लिहिले जावे. ते न केल्यास पीडिताला दिवाणी दाद मागता यावी आणि भरपाईचा काही भाग दोषी अधिकाऱ्याकडून वसूल व्हावा. आणि अशा अधिकाऱ्यावरील खटल्याला सरकारच्या पूर्वपरवानगीचा अडसर नसावा.

परंतु कायदा बदलेपर्यंत थांबण्याची गरज नाही. 'पोलिसांना ठाऊक होते काय?' या प्रश्नावर सारा कायदा उभा आहे, हे वर आलेच आहे. तोंडी सांगितलेले उद्या कोणालाच ठाऊक नसते. म्हणून एखाद्या वस्तीवर तणाव आहे असे दिसले, एखाद्या आंतरजातीय जोडप्याला धमक्या येत आहेत असे कळले, एखादी बाई मार खाऊन दारात आली, तर कार्यकर्त्याने ठाण्यात लेखी अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख, वेळ आणि शिक्का घ्यावा. ११२ क्रमांकावर फोन केला तर वेळ टिपून ठेवावी. दखलपात्र गुन्ह्याची खबर घेण्यास ठाण्याने नकार दिला तर त्याच दिवशी तो अर्ज पोलिस अधीक्षकाकडे टपालाने पाठवावा; तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्याकडे जावे. खबर नोंदली गेल्यास तिची प्रत विनामूल्य मिळणे हा हक्क आहे, उपकार नव्हे. ही कामे मोर्चाइतकी तेजस्वी नाहीत. त्यांची वर्तमानपत्रात बातमी येत नाही. पण अशा एका शिक्क्याच्या कागदाने एखादे वेळी गाडी वेळेवर निघते; आणि नाहीच निघाली, तर तीस वर्षांनी नव्हे, तीन महिन्यांनी न्यायालयात उभे राहता येते.

'सद्रक्षणाय' हा चतुर्थीचा शब्द आहे. रक्षणासाठी, असा त्याचा अर्थ. कोणाच्या रक्षणासाठी, हे बोधचिन्हावर लिहिलेले नाही. आज रात्री ज्या वस्तीतून ठाण्यात फोन जाईल, त्या वस्तीतील माणसांची नावे तेथे लिहिली गेली पाहिजेत. आणि ती लिहून घेण्याचे काम ठाण्याच्या दारात अर्जाची दुसरी प्रत पुढे करणाऱ्या माणसापासून सुरू होते.